नाव बदललं, वही तीच

विषय संगणकाचा असला तरी सुरुवात वहीपासून करतो. पेढीवर मुनीमजी मान खाली घालून रोजमेळ लिहीत आहेत. कोणीतरी त्या वहीच्या पुठ्ठ्यावरचं नाव बदललं, शेजारी कोरी वही ठेवली. मुनीमजींना मात्र सांगितलं नाही. ते कुठे लिहितील? जुन्याच वहीत.

स्क्विड हा 1996 सालापासूनचा प्रॉक्सी सर्व्हर. संस्थेतल्या माणसांची इंटरनेटवरची ये-जा त्याच्यामार्फत होते आणि प्रत्येक मागणीची ओळ ॲक्सेस लॉगमध्ये पडते. ही वही फुगत जाते. म्हणून लिनक्सवर लॉगरोटेट ठरल्या वेळी तिचं नाव बदलतो, जुन्या वह्या दाबून लहान करतो, फार जुन्या काढून टाकतो.

एका संस्थेचं इंटरनेट सकाळीच बंद पडलं, म्हणून मला बोलावणं आलं. डिस्क शंभर टक्के भरलेली. मोठी लॉग फाइल पुसूनही जागा सुटेना. डिस्कवरची जागा सांगणारी ‘डीएफ’ आज्ञा म्हणे डिस्क भरली. ‘डीयू’ने फायलींची बेरीज केली, तर ती निम्मीसुद्धा नाही. मग उरलेली जागा कोणी धरून ठेवली?

लिनक्समध्ये नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव पुसलं तरी एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडी धरली असेल, तर तो ती मिटेपर्यंत जागा मोकळी होत नाही. ‘एलएसओएफ +एल1’ ही आज्ञा अशा बिननावाच्या फायली दाखवते. तिथे स्क्विडचं नाव होतं.

नाव बदलल्यावर ‘स्क्विड -के रोटेट’ ही आज्ञा जायला हवी. म्हणजे स्क्विड जुनी वही मिटून नवी उघडतो. लॉगरोटेटमध्ये ती ओळ होती, पण स्क्विड दुसऱ्या जागी बसवल्यानंतर तिच्यातला पत्ता जुनाच राहिला होता. चूक झाल्याचा संदेश ‘डेव्ह-नल’कडे, म्हणजे अंधाऱ्या विहिरीत, वळवलेला. रोज हाक चुकत होती आणि कोणाला कळत नव्हतं. मी पत्ता सुधारला, संदेश उघडा केला. फायलींना क्रमांक देण्याचं काम एकट्या लॉगरोटेटकडे राहावं म्हणून स्क्विडच्या मांडणीत ‘लॉगफाइल_रोटेट 0’ लिहिलं. ते न लिहिल्यास स्क्विडही स्वतःच्या 10 प्रती फिरवू लागतो. लॉगरोटेटमधला ‘कॉपीट्रंकेट’चा सोपा मार्ग मी टाळला, कारण नक्कल करणं आणि मूळ रिकामं करणं यांच्यामधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात.

शेवटी ‘लॉगरोटेट -डी’ने काहीही न बदलता तालीम केली, मग ‘-एफ’ने प्रत्यक्ष फेरी. तरीही मी उठलो नाही. ब्राउझरमध्ये एक पान उघडलं आणि त्याची ओळ नव्या वहीत पडलेली डोळ्यांनी पाहिली.

तरुण मित्रांनो, मुनीमजींना सांगा. आणि त्यांनी ऐकलं की नाही, हे वहीत पाहा.