शिवणाच्या डब्यातून गिटारीकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विजेच्या गिटारीवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. परंतु हे वाद्य घरी घडलेले आहे आणि त्यात एका आईचा शिवणाचा डबा कामी आला आहे. तेव्हा विषय आपलाच आहे.

लंडनजवळ फेल्टहॅम येथे ब्रायन मे हा सोळा वर्षांचा मुलगा राहत असे. दुकानातली चांगली गिटार परवडणारी नव्हती. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. १९६३ च्या ऑगस्टमध्ये बापलेक कामाला लागले. जुन्या शेकोटीवरची महोगनीची फळी तासून गिटारीची दांडी केली. किडीने पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजविली. तारांचा ताण तोलण्यास जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा लावल्या. पडद्यांमधले खुणेचे ठिपके म्हणजे आईची शिंपल्याची बटणे, आणि स्वर हेलकावण्याच्या दांड्याच्या टोकाला तिचीच विणकामाची सुई! एवढे असून कौतुक मात्र बापलेकांचेच होते, हे मला मुळीच पटत नाही.

आता यात वीज कुठली? पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे असतात. वरची तार थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण प्रवाह उठतो. तो वाढवून कर्ण्यात सोडावयाचा. ब्रायनने हे वेढेही प्रथम घरीच गुंडाळले. पण वाजविताना तार बाजूला ओढली की नको तो आवाज येई. शेवटी ते तीन नग विकत आणावे लागले. सारे पुरे होण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

पुढे मुलाने खगोलशास्त्राचे संशोधन अर्धे टाकून वादनच पत्करले, तेव्हा गिटार घडविणाऱ्या वडिलांनाच ते सोसेना. हौसेने शिकवावे आणि मुलाने तेच आयुष्य धरले की रागवावे, हे आपल्या घरांतही नवे नाही. ती पीएच. डी. त्याने २००७ साली पुरी केली.

त्याच्या ‘क्वीन’ वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. दुसरा सोबती जॉन डीकन याने कचऱ्यातून उचललेल्या सर्किटला एक लहानसा कर्णा आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडून गिटारीसाठी ध्वनिवर्धक केला. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात ब्रायनने आपल्या गिटारीतून, या डबड्याच्या साह्याने, अख्खा बँड उभा केला आहे. ते गाणे आता लावते. क्लॅरिनेट ऐकू येईल. ते क्लॅरिनेट नव्हे.