सकाळच्या खेळाचा प्रेक्षक

कविसंमेलनात लोक जुनीच कविता मागतात, तेव्हा मी मनात कुरकुरायचो. एकपडदा थिएटरच्या मालकालाही हाच पेच असतो. दर शुक्रवारी नवा सिनेमा दारात उभा. पडदा मात्र एकच. एकाला होकार दिला की दुसऱ्याला नकार.

मुंबई सेंट्रलच्या ‘मराठा मंदिर’ने यातून वाट काढली. बाकीचे खेळ नव्या सिनेमांना दिले आणि दिवसाचा एक खेळ ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’साठी राखला. १९९५मध्ये लागलेला हा सिनेमा १००९ आठवड्यांनंतर, फेब्रुवारी २०१५मध्ये, थांबवला गेला. प्रेक्षकांनी आग्रह धरला आणि तो पुन्हा लागला.

एकदा संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, म्हणून मीही आत शिरलो. जवळच रेल्वे स्टेशन, एसटीचा डेपो. शेजारचा माणूस पायाशी पिशवी ठेवून बसला होता. स्वस्त तिकिटात तीन तासांची सावली, वर पाठ असलेली गाणी. मालकाने सिनेमा निवडला होता, त्याहून आधी हा माणूस निवडला होता.

हल्ली कुणी जुनी कविता मागितली, तर मी आधी तीच म्हणतो. नवी तिच्यानंतर.