हाक ऐकू आली पाहिजे



बिनतारी संचांच्या दुरुस्तीत माझी तीस वर्षे गेली. हौशी रेडिओचालक, म्हणजे लोक ज्याला ‘हॅम’ म्हणतात, तो मी त्याच्याही आधीपासून आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मुंबईतले मोबाईल कसे मुके झाले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. वीज जाते, मनोऱ्याखालच्या बॅटऱ्या उतरतात आणि फोनची खरी गरज असते तेव्हाच तो लागत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर एका जिल्ह्याच्या आपत्कालीन गाडीत रेडिओ बसवून द्याल का, अशी विचारणा झाली तेव्हा मी लगेच होकार दिला. जिल्ह्याचे नाव सांगत नाही. चुका झाल्या त्या बहुतेक माझ्याच होत्या.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. मागची आसने काढून दोन टेबले आणि नकाशासाठी एक फळा बसवला होता. संच तीन: एक पोलिसांशी बोलणारा, दुसरा बोटीवरच्या पथकाच्या वॉकीटॉकींशी बोलणारा आणि तिसरा लांब पल्ल्याचा. या तिसऱ्याची गंमत अशी, की ७ मेगाहर्ट्झवर बोलायचे तर अँटेनाची तार सुमारे २० मीटर लांब लागते. ती टपावर मावणार कशी? म्हणून तारेचे भेंडोळे, सुतळी आणि झाडावर फेकायला एक दगड, असा सरंजाम गाडीत ठेवला. दगड पाहून साहेब हसले. ‘विजेच्या तारांपासून लांब फेका’ असे लिहून चिकटवल्यावर मात्र हसले नाहीत.

पहिली फजिती विजेची. बसला २४ व्होल्टचा पुरवठा, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. आपल्या संचांना १२ लागतात. आमच्या वायरमनने दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढली, आणि मीही ‘चालेल’ म्हणालो. चालले नाही. एक बॅटरी उपाशी, दुसरी अजीर्णाने बेजार. तिसऱ्या दिवशी सकाळी बस सुरूच होईना, धक्का मारावा लागला. आपत्कालीन गाडीला भर चौकात धक्का! मग कन्व्हर्टर बसवला आणि संचांसाठी वेगळी बॅटरी ठेवली. ५० वॅटचा संच बोलताना १० अँपिअरच्या आसपास खातो, ऐकताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बॅटरी रात्रभर पुरवायची तर बोलणे आखडते घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. पावसाळ्यापूर्वी नदीकाठी सराव होता. पोलिसांच्या संचावर आम्ही स्थलांतरितांची लांबलचक यादी वाचून दाखवत होतो. अर्ध्या तासाने बोटीवरचा एक तरुण कंबरेपर्यंत भिजलेला, चालत गाडीपाशी आला. ‘काका, इंजिन बंद पडलं म्हणून चारदा हाक दिली. ऐकत नव्हता का?’

ऐकत होतो की! संच सुरू होता, आवाज मोठा होता, दिवा हिरवा होता. पण दोन्ही अँटेना मी टपावर हातभर अंतराने लावल्या होत्या, दिसायला नीटनेटक्या. जवळजवळच्या लहरींवर चालणाऱ्या दोन संचांपैकी एक बोलू लागला की शेजारचा बहिरा होतो. कानाशी ढोल वाजत असताना नदीपलीकडची हाक ऐकू येईल का? कारखान्यात एकेक संच तपासताना तिन्ही उत्तम चालले होते. सगळे एकाच वेळी सुरू करून मी पाहिलेच नव्हते. हे मला कळायला हवे होते. तीस वर्षांच्या नोकरीचा उपयोग काय, असे त्या दिवशी घरी जाताना वाटले. नदीला पाणी कमी होते म्हणून तो मुलगा चालत आला. पुरात कसा आला असता?

मग सगळे उसकले. एक अँटेना टपाच्या पुढच्या टोकाला नेली, दुसरी मागच्या घडीच्या खांबावर उंच चढवली. उभ्या अँटेना एकीच्या वर एक ठेवल्या की त्रास बराच कमी होतो. मध्ये फिल्टर घातले, ताकद गरजेपुरती ठेवली. खांब उभा असताना बस हलू नये म्हणून चालकासमोर लाल दिवा लावला. लांब पल्ल्याच्या संचात खरखर येत होती, तिचे मूळ शोधायला एक संध्याकाळ गेली. एकेक वस्तू बंद करत गेलो, तर गुन्हेगार निघाले छताचे एलईडी दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर. दिवे बदलले, चार्जरला फेराइटची कडी घातली.

आणि यंत्राखेरीज एक नियम केला: वीस सेकंद बोला, मग थांबून ऐका. यादी कितीही लांब असो.

पंधरा दिवसांनी पुन्हा सराव झाला. पोलिसांच्या संचावर हवालदार यादी वाचत होता आणि मी दुसऱ्याला कान लावून बसलो होतो. बारीक, पण स्वच्छ आवाज आला. तोच मुलगा होता. नीट ऐकू आले होते, तरी मी त्याला आणखी दोनदा बोलायला लावले.