बिनतारी संदेश आणि शंका घेणारे
(केंद्रसंमेलनातील भाषण)



बिनतारी संदेशवहनाचा पाठ शिकविताना आपण मार्कोनीचे कौतुक करतो आणि त्याच्याविषयी शंका घेणाऱ्यांना मूर्ख ठरवून मोकळे होतो. हा त्या शंकेखोरांवर अन्याय आहे. वर्गात शंका काढणाऱ्या मुलावरही आहे.

हाइन्रिश हर्ट्झ याने १८८८ साली विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी एका अभियंत्याने त्यास पत्राने विचारले की, या लहरींवरून दूरध्वनीवरील बोलणे पाठविता येईल काय? हर्ट्झने नकार दिला. बोलण्यातील कंपने इतकी मंद, की तितक्याच कंपनांची विद्युल्लहर शेकडो किलोमीटर लांब होईल व ती परतविण्यास खंडाएवढे आरसे लागतील! हिशेब चुकीचा नव्हता. वेगवान लहरीच्या पाठीवर मंद ध्वनी बसवून धाडण्याची युक्ती पुढे निघाली.

दुसरी शंका याहून पक्की होती. लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वी तर गोल. मग त्या अटलांटिकपार पोचाव्यात कशा? १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, कॉर्नवॉलमधील पोल्धूहून निघालेले तीन ठिपके, म्हणजे ‘एस’ हे अक्षर, ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले. अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर. परंतु ऐकणारे दोघेच, तो आणि त्याचा सहायक केम्प. कागदावर नोंद काहीच नाही. हवेतील विजेची खरखर ऐकली असेल, असे जाणते लोक म्हणाले. आजही काही अभ्यासक तसेच म्हणतात. मार्कोनी रुसून बसला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ बोटीवर त्याने संदेशाच्या खुणा कागदी फितीवर उमटवून घेतल्या. दिवसा पल्ला कमी, रात्री दुपटीहून अधिक, हेही तेथेच कळले.

कोडे मात्र उरलेच. त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचविले की, उंच वातावरणात विद्युत्‌वाहक थर असावा व लहरी त्यावरून परतत असाव्यात. १९२४ साली ॲपलटनने तो प्रयोगाने दाखविला. गोलाईची शंका कोणी घेतलीच नसती, तर हा थर शोधावयास कोण गेले असते?

१९२७ साली आपल्या पुणे जिल्ह्यातील खडकीहून इंग्लंडकडे बिनतारी संदेश जाऊ लागले. तिकडचे दौंडला घेतले जात. भूगोलाच्या तासाला पृथ्वीगोलावर खडकीपाशी एक काडी आडवी टेकवा आणि इंग्लंडच्या दिशेस रोखा. काडीचे टोक आकाशात जाते. मग संदेश पोचला कसा, हे मुलांनाच विचारा, आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका.