काखेतील व्रण

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत आणि मेडिकल कॉलेजही आहे. सरकारी चाकरीच्या निमित्ताने मी या नगरीत आलो, तेव्हापासून पुस्तकांच्या ओढीने तिकडे माझे पाय वळतात. याच विद्यालयात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी लोकापवाद पत्करून मानवी शवाचे विच्छेदन केले. त्यांनीच संपादिलेली सुश्रुतसंहिता १८३५-३६ मध्ये याच शहरात छापली गेली. कापलेले नाक गालाच्या कातडीने पुन्हा घडविण्याची रीत तीत सांगितली आहे.

हे सारे मी एका संध्याकाळी माझ्या पुतणीला मोठ्या हौसेने सांगत होतो. नोकरीसाठी ती आमच्याकडे राहते. सुश्रुतावरून मी पुण्यावर आलो. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात ही हकीकत छापून आली आणि युरोपातील शस्त्रवैद्य चकित झाले.

ती म्हणाली, “काका, मलाही एक शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. छातीची. काखेतून करतात म्हणे.”

श्रोते हो, माझ्या तोंडून जे निघाले ते मला आज शोभादायक वाटत नाही. “कावसजीचे नाक शत्रूने कापले होते, तुझे काय हरवले आहे?” असे मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही कारण विचारलेत, ही शस्त्रक्रिया होते कशी, हे विचारलेच नाहीत.”

मग मी वाचू लागलो. सिलिकोनची पिशवी स्तनामागे बसविण्याचा पहिला प्रयोग १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो या शस्त्रवैद्यांनी केला. काखेच्या मार्गात तेथील नैसर्गिक वळीत तीन-चार सेंटीमीटरांचा छेद घेतात आणि बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने छातीच्या स्नायूमागे जागा करून पिशवी तेथे सरकवितात. छातीवर व्रण राहत नाही आणि दुग्धग्रंथी कापावी लागत नाही. पण काम दुरून करायचे असते. स्तनाखालची रेषा दोन्ही बाजूंस सारखी साधणे कठीण जाते. दंडाच्या आतल्या बाजूस बधिरपणा येऊ शकतो. पिशवी जन्मभर टिकेल असे नाही, आणि ती पुढे बदलायची झाली तर पुष्कळदा स्तनाखालीच नवा छेद घ्यावा लागतो. म्हणजे ज्या व्रणाला टाळण्यासाठी एवढा वळसा घातला, तोच शेवटी दारात उभा!

पिशवीभोवतीचे आवरण आवळून ती कठीण होते, हा तर नेहमीचा उपद्रव. फ्रान्समध्ये २०१० साली औद्योगिक सिलिकोन भरलेल्या पिशव्या विकल्याचे उघडकीस आले. खरबरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांचा एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ साली एका मोठ्या उत्पादकाने त्या जगभरातून परत घेतल्या. उलट, कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या कित्येक स्त्रियांना याच विद्येने दिलासा दिला आहे, हेही खरे. माझ्या पुतणीला तसला आजार नाही. आपल्या देहाकडे पाहताना तिला काय वाटते, हे मात्र मला आरशावरून कळणार नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून प्रश्न काढले. अक्षर माझे, मसुदा लिहिण्याची सवय सुटत नाही. पिशवी कोणत्या बनावटीची, पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर छेद कोठे, तपासणी किती वर्षांनी, खर्च कोणाकडे. तो कागद घेऊन ती एकटीच शस्त्रवैद्यांकडे गेली.

परतल्यावर तिने कागद माझ्या टेबलावर ठेवला. खाली तिच्या अक्षरात एक प्रश्न वाढला होता: “पुढे बाळाला अंगावर पाजता येईल का?” त्यापुढे उत्तर होते: “बहुधा येईल, हमी देता येत नाही.”

अजून तिने काही ठरविलेले नाही. मीही विचारलेले नाही.