मोठे विचार आणि मोठे मन

(गतवर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



'उदात्त विचार आणि उदात्त चारित्र्य' हा विषय मला दिला, तेव्हा मी जरा घाबरलोच. मी वक्ता नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेला, फायलींत रमणारा माणूस. पण या विषयावरचा एक प्रसंग आपल्याच शहरात, आपल्याच संस्थेत घडलेला आहे. तोच सांगतो.

नोव्हेंबर १९२१. विवेकवर्धिनीत समाजसुधारणेची परिषद भरली होती. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. १८९३ साली विधवेशी विवाह केला म्हणून त्यांच्याच मुरूड गावाने त्यांना बहिष्कृत केले होते. तरी ते कडवट झाले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. अशा माणसाच्या अध्यक्षतेखालची सभा. म्हणजे उदात्त विचारांना तिथे काही तोटा नव्हता.

इतर भाषांतली भाषणे शांतपणे ऐकली गेली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. गलका करणाऱ्यांत आपली मराठी माणसे होती, हे मान्य करायला हवे.

त्या अपमानानंतर मूठभर तेलुगू मंडळी एकत्र आली. त्यांत माडपाटी हनुमंतराव होते. त्यांनी आंध्र जनसंघ स्थापन केला. त्यांनी उलट हुर्यो उडवली नाही; ग्रंथालये काढली, शाळांसाठी खटपट केली, आपल्या भाषेला मान मिळवून दिला. मला विचाराल, तर त्या दिवशी उदात्त विचार व्यासपीठावर होते आणि उदात्त चारित्र्य अपमान गिळून बाहेर पडले.

विचार ऐकून, वाचून मिळतात. चारित्र्याची परीक्षा मात्र आपण संख्येने जास्त असताना, समोरचा एकटा असताना होते.

माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी आदिलाबादकडे होतो. एक म्हातारे मराठी शेतकरी मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन कार्यालयात आले. कुणाला वाचता येईना. दोघे-तिघे हसले. मी मान खाली घालून काम करत राहिलो. नवीन होतो, नसती भानगड कशाला, असे वाटले. तेव्हा आमचे एक वयस्कर तेलुगू सहकारी उठले. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मला हाक मारली, "इकडे या, यांचं काय म्हणणं आहे ते मला तेलुगूत सांगा." अर्ज त्याच दिवशी पुढे गेला. त्या आजोबांची भाषा माझी होती, पण माणुसकी त्यांनी दाखवली. ती लाज मी अजून विसरलेलो नाही.

याच तेलुगू मातीतले पी. व्ही. नरसिंह राव अस्खलित मराठी बोलत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. आपल्यापैकी कितीजणांनी एखादे तेलुगू पुस्तक वाचले आहे? पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून भाजीवाल्याशी भाव करण्यापुरतीच तेलुगू येत असेल, तर आपण इथे राहिलो, पण शेजारी झालो नाही.

मराठी जपायलाच हवी. त्यासाठीच तर हे मंडळ आहे. पण दुसऱ्याच्या आईला मान दिल्याने आपल्या आईचा मान कमी होत नाही.

आपला बाप्पा शूर्पकर्ण आहे, सुपाएवढ्या कानांचा. त्याच्यापुढे बसून आपण बोलतो पुष्कळ. यंदा थोडे ऐकूया. मंडळाला माझी विनंती आहे, की उत्सवाची एक संध्याकाळ तेलुगू शेजाऱ्यांसाठी ठेवावी. ते बोलतील, आपण ऐकू. एकशे काही वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले ते भाषण आता तरी पूर्ण होऊ द्या.

गणपती बाप्पा मोरया!