हरणाची शिकार आणि गोळीचं माप

हरणासाठी कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न एके काळी सातारा-सांगलीचे परवानाधारक शिकारी उघडपणे चर्चेला घेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती चर्चा थांबली आणि थांबली ते योग्यच झालं. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही महत्त्वाचा आहे : गोळी लागलेलं जनावर किती वेळ तडफडणार?

कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. आपल्याकडे त्याला सरसकट बोअर म्हणतात. ‘तीनशे पंधरा’ म्हणजे ०.३१५ इंच, साधारण आठ मिलिमीटर. बारा बोअरचा हिशेब निराळा. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर.

सह्याद्रीतलं भेकर २०-२५ किलोचं, चितळाचा नर ७०-८० किलोचा, तर सांबराचा नर २०० किलोच्याही पुढे जातो. एकच गोळी तिघांना सारखी कशी चालेल? पॉइंट टू-टूची गोळी नळीतून सुटताना तिच्यात जेमतेम १४० ज्यूल ऊर्जा असते. सात मिलिमीटरच्या शिकारी रायफलीच्या गोळीत तीन हजारांच्या आसपास. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, ते याच पॉइंट टू-टूने. कागदी लक्ष्यावरचं १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ टिपायला तिच्यासारखी रायफल नाही. सांबराला मात्र ती नुसती जखमी करील.

म्हणून मोठं तेच चांगलं, असंही नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना १९०७ मध्ये जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती .२७५ ची, म्हणजे सातच मिलिमीटरची होती. धक्का कमी, त्यामुळे नेम स्थिर. गोळी कुठे लागते, याला तिच्या जाडीपेक्षा जास्त मोल आहे.

तिची घडणही तितकीच महत्त्वाची. पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी पुष्कळदा बारीक भोक पाडून आरपार जाते आणि हरीण मैलभर पळून झाडीत मरतं. टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी आत गेल्यावर फुलते. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशी गोळी बनली. १८९९ च्या हेग घोषणेने फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र त्याच लवकर मरण देणाऱ्या, म्हणून दयेच्या मानल्या जातात.

जर्मनीच्या कायद्याने ही दया आकड्यांत बांधली आहे. रो जातीच्या लहान हरणासाठी १०० मीटरवर गोळीत किमान १००० ज्यूल हवेत. त्याहून मोठ्या हरणांसाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २००० ज्यूल.

आपल्याकडे बोअर ठरवताना जनावरापेक्षा सरकारची धास्ती मोठी होती. लष्कराची .३०३ प्रजेच्या हाती पडू नये, म्हणून इंग्रजांनी ती नाकारली आणि परवानाधारकांकडे .३१५ आली. स्वातंत्र्यानंतरही .३०३ प्रतिबंधित बोअरच राहिली.

आज सह्याद्रीत चोरून शिकार होते ती बहुधा ठासणीच्या बंदुकीने. तिच्यात ना गोळीचं माप, ना दारूचं, ना नेमाची खात्री. पोटात छर्रे घेऊन पळालेलं सांबर दिवसेंदिवस कुजत मरतं. यापरता क्रूर प्रकार रानात दुसरा नाही.

जिथे एके काळी रायफलींची चर्चा चाले, त्याच सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वर अभयारण्य उभं राहिलं. १९८५ मध्ये त्याची घोषणा झाली. सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या त्या कुंपणात चितळं आणि सांबरं वाढली, आणि बाहेर पडून शेतातली उभी पिकंही खाऊ लागली. शेतकऱ्याचं हे नुकसान खरं आहे आणि त्याची भरपाई त्याला वेळेवर मिळायलाच हवी. पण त्यावर बंदूक हा उपाय नव्हे. दाटी झालेली हरणं दुसरीकडे नेता येतात. चितळ इतकं भित्रं असतं, की धरपकडीच्या ताणानेच दगावतं. म्हणून मध्य प्रदेशात कान्हाची चितळं हलवताना ‘बोमा’ वापरतात. नरसाळ्यासारख्या निमुळत्या कुंपणातून, अंगाला हात न लावता, कळपाला थेट वाहनात चढवलं जातं.

रात्री रानाकडून बार ऐकू आला, तर वनविभागाचा मदत क्रमांक आहे १९२६.